दादांना एका ओळीत गुंडाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'हिरोसारखे न दिसणारे हिरो' म्हणून पान भरून लेख आला तो वाचला. लेख तसा बरा आहे, ओम पुरी आहेत, नसीर आहे, इरफान आहे, नवाजुद्दीन आहे, नानाला तर वेगळी चौकट दिलीय. आणि अगदी शेवटाला, चार बोटं जागा उरली म्हणून टाकावं तसं एक वाक्य, की मराठीत दादा कोंडके यांनीही द्विअर्थी संवादांच्या जोरावर लोकप्रियता मिळवली. बास, विषय संपला. मी पान उलटून बघितलं की पुढं काही आहे का, तर पुढं सोनाराच्या दुकानाची जाहिरात.

आता लेखात ज्यांची नावं आहेत ती सगळी मोठी माणसं आहेत, त्याबद्दल वाद नाही, इरफानचा तर मी फॅन आहे. पण तुमचा विषय काय होता? हिरोसारखा दिसत नाही आणि तरी स्टार झाला असा माणूस. स्टार म्हणजे ज्याच्या नुसत्या नावावर थेटरबाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो तो, आपला साधा हिशोब. त्या हिशोबानं बसलात तर दादा पहिल्या ओळीत यायला पाहिजेत, कारण ही बाकीची मंडळी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातनं शिकून आलेली (नाना सोडून), नसीर आणि ओम पुरींना बेनेगल, निहलानींसारखे दिग्दर्शक मिळाले, समीक्षक मिळाले, पेपरात चांगलं लिहिणारे मिळाले. दादांना यातलं काय मिळालं? पेपरवाल्यांनी तर आयुष्यभर नाकच मुरडलं, आणि माणूस १९९८ ला गेला तरी ते मुरडलेलं नाक अजून सरळ झालेलं नाही असं तुमच्या त्या एका वाक्यावरनं दिसतंय.

राग मानू नका, मी तुमचा जुना वाचक आहे म्हणून लिहितोय.

दादांचा जन्म १९३२ चा, मुंबईत नायगावला, म्हणजे गिरणगावात. मूळ गाव भोरकडचं इंगवली, वडील बॉम्बे डाइंग मिलमध्ये. पोरवयात गल्लीतल्या मारामाऱ्या, सोड्याच्या बाटल्या वगैरे सगळं झालेलं, ते त्यांनी स्वतःच मुलाखतीत हसत हसत सांगून ठेवलंय. मग अपना बाजारमध्ये नोकरी, बँडपथक, सेवादलाचं कलापथक आणि तिथनं लोकनाट्य. वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' हे त्या काळात इतकं चाललं की प्रयोग दीड हजाराच्या वर गेले, आणि त्यात दादा हवालदार. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती हे सगळं ठरलेलं, पण दादांचं काही ठरलेलं नसायचं, सकाळी पेपरात जे छापून आलं ते रात्रीच्या प्रयोगात यायचं, म्हणजे तुमच्या बातम्यांवर पहिली कॉमेंट कुणी करत असेल तर हा माणूस करायचा आणि ती पण तोंडावर, पब्लिकच्या समोर. हे नाटक आशा भोसले यांनी बघितलं आणि भालजी पेंढारकरांना सांगितलं की या माणसाला घ्या, असं आलंय सगळीकडं. भालजींनी 'तांबडी माती' मध्ये घेतलं, साल १९६९. म्हणजे पहिला सिनेमा मिळाला तेव्हा माणूस सदतिशीच्या आसपास. आणि १९७१ ला 'सोंगाड्या' आला तेव्हा चाळिशीला टेकलेला. आजकाल चाळिशीत हिरो जिममध्ये जाऊन पंचविशीचा दिसायची धडपड करतो, दादांनी ती भानगडच ठेवली नाही, चाळिशीतल्या माणसाला सरळ अर्धी चड्डी घातली आणि आईचा लाडका बाळ केला.

आता मला जे मुळात म्हणायचंय ते इथंच आहे. त्याआधीचे आपले तमाशापट आठवून बघा. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' घ्या, त्यानंतर पुढं दहा-बारा वर्षं तशाच सिनेमांची रांग लागली. त्यात हिरो कोण असायचा, तर पाटलाचा पोरगा नाहीतर शाहीर, फेटा, झुबकेदार मिशी, रुंद छाती, सूर्यकांत चंद्रकांत अरुण सरनाईक अशी देखणी माणसं. नाचणारी बाई त्याच्यावर भाळणार हे ठरलेलं. आणि तमाशातला सोंगाड्या? तो बाजूला. त्यानं बतावणी करायची, मावशीला चिडवायचं, लोकांना हसवायचं आणि खरी स्टोरी सुरू झाली की गुमान मागं सरायचं. खऱ्या फडात लोक अर्धे त्याच्यासाठी येतात हे सगळ्यांना माहिती, पण सिनेमात त्याला कुणी मधे उभं केलं नव्हतं. दादांनी ते केलं. आणि लपूनछपून नाही, सिनेमाचं नावच 'सोंगाड्या' ठेवलं. त्यातला नाम्या भोळसट, आईच्या धाकातला, तमाशा बघायला गेला म्हणून घरातनं हाकललेला, फडातच जाऊन सोंगाड्या होतो आणि उषा चव्हाणची कलावती याच्यात जीव टाकते. जो माणूस पन्नास वर्षं फडात कोपऱ्यात उभा राहून हसवत होता त्याला बाई मिळाली, आई मिळाली आणि शेवट पण त्याचाच. खाली सतरंजीवर बसलेल्या माणसाला यातनं काय कळलं असेल ते लिहायची गरज नाही. त्याचं तोंड पण आरशात नाम्यासारखंच दिसत होतं, सूर्यकांतसारखं थोडंच.

द्विअर्थी संवाद द्विअर्थी संवाद म्हणता तुम्ही, तर 'सोंगाड्या' परत काढून बघा, आहेत त्यात चावट जागा, नाही कशाला म्हणू, पण त्याच्यावर सिनेमा उभा नाहीये. उभा आहे तो या अदलाबदलीवर.

थोडं घरचं सांगतो. आमचे एक मामा नाशकात एका थेटरबाहेर सायकल स्टँड चालवायचे, सुट्टीत मी तिथं बसायचो. काम म्हणजे काय, पत्र्याचे नंबर मारलेले बिल्ले, एक सायकलच्या हँडलला अडकवायचा, एक गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. मामांना सिनेमातलं काही कळायचं नाही पण कुठला सिनेमा किती आठवडे चालणार हे ते बिल्ल्यांवरनं सांगायचे. अमिताभचा सिनेमा असला की पोरं यायची, कॉलेजची, बिल्ले पटापट संपायचे आणि तीन आठवड्यात उतरायला लागायचे. दादांचा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात मखमलाबाद, गंगापूर, म्हसरूळकडचे दूधवाले यायचे. संध्याकाळचा रतीब घालून सहाच्या शोला, सायकलला रिकाम्या किटल्या तशाच लटकलेल्या, स्टँडवर सायकल रेटली की सगळ्या किटल्या एकमेकींवर आपटून असा आवाज व्हायचा की आतले लोक ओरडायचे. मग दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात त्याच दूधवाल्यांच्या बायका. तेव्हा सायकली कमी, टांगे जास्त, आणि शनिवारी तर सिन्नर-दिंडोरीकडनं एसटीनं आलेल्या बायकांची झुंबड, लेकरं काखेत, डब्यात भाकरी. मामा म्हणायचे की बायका आल्या म्हणजे आता हा पिच्चर हलत नाही. आणि हलायचा नाही.

ज्याला तुम्ही अश्लील म्हणून बाजूला टाकता त्या माणसाच्या सिनेमाला आमच्या आया, मावश्या, आत्या एकमेकींना घेऊन जायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या आणि घरी येऊन पुरुषमाणसांसमोर म्हणायच्या की कसला मेला चावट आहे. परत पुढच्या सिनेमाला हजर. त्यांना कळत नव्हतं का? सगळं कळत होतं, चांगलं कळत होतं. भारुड, गवळण, जात्यावरच्या ओव्या, लग्नातले उखाणे यात वाढलेल्या बायका त्या, त्यांना दादांनी नवीन काही शिकवलं नाही. लाजायला लागलो ते आपण, शहरात येऊन ब्लॉकमध्ये राहायला गेल्यावर.

जत्रेतल्या तंबूचं तर विचारू नका. नांदगाव-येवल्याच्या बाजूला माझं आजोळ, तिथं जत्रेला टुरिंग टॉकीज यायची. मधोमध कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला बापे, जमिनीवर बसायचं, मागं प्रोजेक्टरची घरघर, रीळ तुटलं की शिट्ट्या. दादांच्या जागेवर आधी बायांच्या बाजूनं हसू यायचं, मग बाप्यांच्या. नेहमी तसंच. पुरुष एकमेकांकडं बघून ठरवायचे की हसायचं का, तोवर कनातीपलीकडं खसखस सुरू झालेली असायची.

आता त्या डबल मीनिंगचं बोलूच. मला वाटतं हे काम किती अवघड आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. दादांचं पात्र स्वतः कधी चावट नसायचं, हे नीट लक्षात घ्या. तो भोळा. तो जे बोलतो ते त्याच्या परीनं अगदी सरळ, कोंबडी म्हणजे कोंबडी आणि विहीर म्हणजे विहीर. तोंड थोडं उघडं, मान एका बाजूला कललेली, चड्डीचा लोंबणारा नाडा बोटाला गुंडाळतोय, वाक्याचा शेवट अर्धवट गिळलेला आणि मग तो थांबायचा. काहीच करायचा नाही, नुसता समोरच्याकडं बघायचा की बाबा मी काय चुकीचं बोललो. त्या थांबण्यात थेटर फुटायचं. डोळा मारला असता, ओठ चावला असता तर संपलं असतं, घाण झालं असतं. नंतर कितीतरी जणांनी दादांची नक्कल केली, टीव्हीवर तर आजही चालू आहे, सगळे डोळा मारतात, आणि म्हणून ते किळसवाणं वाटतं. हे टायमिंग कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, दीड हजार प्रयोग रोज वेगळ्या गावात, वेगळ्या पब्लिकसमोर केल्यावर येतं, कुठं एक सेकंद थांबायचं आणि कुठं दीड. सेन्सॉरशी त्यांचे खटके उडायचे ते याच्यामुळंच, कागदावर वाक्य वाचलं तर त्यात कापायला काही सापडायचं नाही. कापायचं काय, ते थांबणं?

पुढचं मी मुद्दाम नाशिककर म्हणून लिहितोय. हनुमान जयंतीला आपल्याकडं पहाटेपासून कुठल्या पण चौकात जा, पंचवटीत जा, सिडकोत जा, त्र्यंबक रोडनं अंजनेरीला जा, स्पीकरवर एक गाणं लागणार म्हणजे लागणार, 'अंजनीच्या सुता'. अंजनेरी म्हणजे आपण मारुतीरायाचं जन्मस्थान मानतो, त्या मानण्यावरनं २०२२ ला इथं नाशिकरोडला साधू-महंतांची सभा झाली, आणि तिथं खडाजंगी पण झाली, ते तुमच्याच पेपरात आम्ही वाचलं. तर त्या अंजनीच्या लेकाचं सगळ्यात जास्त वाजणारं मराठी गाणं कुठल्या सिनेमातलं? दादा कोंडके यांच्या 'तुमचं आमचं जमलं' मधलं, १९७६ चं. लिहिलंय दादांनीच, संगीत राम-लक्ष्मण, आवाज महेंद्र कपूरचा. माझ्या शेजारचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, दादांचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, आणि हे गाणं लागलं की चप्पल काढून उभे राहतात. मी एकदा सांगून टाकलं त्यांना. दोन दिवस बोलले नाहीत.

महेंद्र कपूरचं पण बघा ना. अमृतसरचा माणूस, हिंदीतला मोठा गायक, त्याला मराठी खेडवळ नाम्याचा आवाज करायचा हे डोक्यात तरी कुणाच्या येईल? दादांच्या आलं आणि असं बसलं की आज दादा म्हटलं की तोच आवाज कानात येतो. दादांच्या सोबतीला उषा चव्हाण, आईला रत्नमाला, गाण्याला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, ही टीम त्यांनी वर्षानुवर्षं सोडली नाही. आणि राम-लक्ष्मण ही जोडी दादांनीच 'पांडू हवालदार' साठी पुढं आणली, त्यातल्या लक्ष्मणनं म्हणजे नागपूरच्या विजय पाटील यांनी पुढं जाऊन 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' ची गाणी केली. अख्ख्या हिंदुस्थानानं ती गाणी लग्नात वाजवली पण त्या माणसाला पहिला चान्स कुणी दिला ते कोण विचारतोय.

'पांडू हवालदार' १९७५ चा, दादांचं डायरेक्शन पण तिथनंच सुरू झालं. त्यात अशोक सराफ सखाराम हवालदार. अशोकमामांना महाराष्ट्रानं ओळखायला लागलं त्यात या सिनेमाचा वाटा मोठा. आणि मग १९७७ चा 'राम राम गंगाराम', त्यातला अशोकमामांचा म्हमद्या खाटीक आठवा. पिक्चर दादांचा, पैसा दादांचा, हिरो दादा, आणि थेटरातनं बाहेर पडताना लोक म्हमद्याचीच नक्कल करत बाहेर पडायचे. स्वतःच्या सिनेमात दुसऱ्याला इतकी मोकळी सोडायला जिगर लागते राव, आजच्या किती हिरोंमध्ये आहे? एडिटिंगलाच कापतील. मला वाटतं ही पण लोकनाट्याचीच सवय, तिथं समोरच्यानं टाळी घेतली तर खेळ वर जातो, आपलं काही कमी होत नाही.

आणि धंदा पण या माणसाला कळत होता. 'सोंगाड्या' च्या वेळची दादरच्या कोहिनूर थेटरची गोष्ट सगळ्यांना माहितीय, थेटर ठरलेलं असताना मालकाला देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता, मग दादा बाळासाहेब ठाकरेंकडं गेले, शिवसैनिक आले आणि 'सोंगाड्या' लागला. यात राजकारण बघणारे बघतात, आणि दादा पुढं शिवसेनेच्या सभांना भाषणं करायला लागले हे पण खरं. पण मराठी सिनेमाला मुंबईत थेटर मिळत नाही ही रड तेव्हापासनंची आहे आणि आज मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम मिळत नाही म्हणून निर्माते जे बोंबलतात ती तीच रड आहे, एवढं तरी लिहिता आलं असतं तुम्हाला. त्यानंतर सिनेमामागून सिनेमा, 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा' असं करत नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, पंचवीस पंचवीस आठवडे, गिनीज बुकात नोंद. लेखात ज्यांच्यावर पान भरलंय त्यातल्या एकाच्या तरी नावावर असं काही आहे का बघा. 'एकटा जीव सदाशिव' वरनं तर २००० साली गोविंदाला घेऊन हिंदीत 'जिस देश में गंगा रहता है' काढला, तीस वर्षं जुनी गोष्ट, आणि तोवर दादा जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी काही त्यांची आरती करत नाही. नंतरचे सिनेमे पडत गेले, नुसती नावं चावट आणि आत काही नाही असं व्हायला लागलं, हिंदीत केलेले तर मला कधी शेवटपर्यंत बघवले नाहीत. हिंदीत तो भोळसटपणा लागूच होत नाही, कारण हिंदीत त्याचं गावच नाही, तो कुठून आला कुणाला कळत नाही, मग उरतात नुसते डायलॉग. पण मराठीतले पण का पडले ते बघायला पाहिजे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप झाला, तो कधी संपलाच नाही म्हणा ना, आणि लालबाग-परळचं ते पब्लिक, जे पगार झाला की पोराबाळांना घेऊन मराठी सिनेमाला जायचं, ते मोडलं. दादा त्याच पब्लिकमधनं आलेले. त्याच सुमाराला रंगीत टीव्ही, मग गल्लीगल्लीत व्हिडिओ, तंबू उठायला लागले. आणि १९८४-८५ ला सचिन, महेश कोठारे आले, अशोक सराफ आणि लक्ष्याची धमाल सुरू झाली, फ्लॅटमध्ये राहणारी, भाड्याच्या खोलीसाठी खोटं बोलणारी पोरं, शहरातली कॉमेडी. अर्ध्या चड्डीतला नाम्या त्या फ्लॅटमध्ये कुठं बसणार? मग जे शेवटचं खात्रीचं हत्यार हातात होतं तेच दादा जास्त जास्त परजत गेले असं माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

पण त्या पडत्या काळावरनं अख्ख्या माणसाची किंमत करायची, हा न्याय इतरांना लावत नाही आपण. देव आनंदचे शेवटचे सिनेमे काढून कुणी म्हणतं का की देव आनंद म्हणजे हेच?

आपल्याच जिल्ह्यातलं एक सांगतो. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी घरच्या घरी सिनेमे काढले, मालेगावचा सुपरमॅन केला, त्याच्यावर डॉक्युमेंटरी झाली, हिंदी सिनेमा झाला, परदेशात फेस्टिव्हलला गेला आणि इंग्रजी पेपरांनी डोक्यावर घेतलं. चांगलंच झालं, मालेगावच्या पोरांचं कौतुक मलाही आहे. पण कामगाराच्या पोरानं कामगारांसाठी काढलेला सिनेमा म्हणून त्याचं कौतुक आणि नेमकं तेच काम गिरणगावच्या पोरानं तीस वर्षं आधी केलं, स्वतःच्या पैशानं केलं, थेटर भरून दाखवली, त्याला 'द्विअर्थी'. मराठीत असलं की लगेच आपल्याला सोवळं आठवतं. तसं तर ज्यांच्यामुळं नाशिकचं नाव सिनेमाच्या इतिहासात आहे त्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमात तारामतीचं काम करायला कुणी बाई तयार झाली नाही म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंखेला साडी नेसवली होती, १९१३ ला, आणि पुढं 'लंका दहन' मध्ये राम पण तोच आणि सीता पण तोच. हिरोसारखे न दिसणारे हिरो म्हणता, तर आपली सुरुवातच तिथनं झालीय. हे पण लेखात नव्हतं, नाशिक आवृत्तीत नव्हतं हे विशेष.

तर विनंती अशी की दादांवर एक पूर्ण पान करा, पण मुंबईत बसून जुन्या मुलाखती चाळून नको. नाशकातली सिंगल स्क्रीन थेटरं एकेक करून बंद पडली, काही पाडली, पण त्यांचे डोअरकीपर, ऑपरेटर, ब्लॅकवाले, कँटीनवाले अजून आहेत, सत्तरीच्या पुढचे, जुन्या नाशकात आणि देवळालीगावात सापडतील. तुमच्या वार्ताहराला आठ दिवस फिरवा. कुठल्या शोला कोण यायचं, कुठल्या जागेला चिल्लर पडायची, कुठल्या सिनेमाची प्रिंट किती वेळा परत आली हे ते सांगतील, समीक्षक सांगू शकत नाही. आणि बायकांना विचारा. साठीच्या पुढच्या. आधी नाही म्हणतील, मग सांगतील.

जाता जाता दोन दुरुस्त्या, छापल्या तर बरं होईल. लेखासोबत दादांचा जो छोटा फोटो आहे, हवालदाराच्या ड्रेसमधला, त्याच्याखाली 'सोंगाड्या' लिहिलंय, तो 'पांडू हवालदार' चा आहे, ड्रेसवरनंच कळायला पाहिजे होतं. आणि 'ढगाला लागली कळ' हे पण 'सोंगाड्या' चं म्हणून छापलंय, ते 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' मधलं, १९७८. कदाचित सिनेमाचं नाव छापायची लाज वाटली असेल, तरी पण छापा.

आपला,
एक वाचक
जेलरोड, नाशिकरोड